मोरीतला बेडूक

मोरी तुंबली की घरादाराची तोंडं वाकडी व्हायची, आणि ती मोकळी करणारा गडी मात्र लग्नाला आल्यासारखा खुशीत शेजारच्या भिसेगावाहून यायचा, खांद्यावर बांबूची लांब कामटी डोलवत. आमच्या मोरीचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळातून परसातल्या केळीला जाई. चातुर्मासात हा नळ हटकून तुंबे. तो जमिनीला कान लावी, नळात कामटी सारी आणि अडलेल्या बैलाला चुचकारावं तसं म्हणे, "सोड रं राजा, सोड!" आमच्या स्टेशनात पुण्याच्या गाडीला घाटासाठी दुसरं इंजिन जोडून होईतो पाणी वाहतं करायचं, अशी त्याची स्वतःशीच पैज असे.

एकदा कामटीच्या टोकाला कांद्याच्या सालींचा बोळा आला. चातुर्मासात आत्या घरात कांद्याचं नावही काढू देत नसे. ती देवळात पुराणाला गेली की मी आणि बायको चोरून कांदा खायचो आणि साली घाईघाईने मोरीत सारायचो.

"काय रे निघालं?" आत्याने पडवीतून विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बोळा केळीखाली पुरला.

"बेडूक व्हता, बाय. लय माजलेला."

आत्या खूश झाली. तिने त्याला भाकरी-पिठलं आणून दिलं.

"जोडीला कांदा हाय का, बाय?"

"चातुर्मासात? या घरात?" आत्या कडाडली.

"चुकलो, बाय," तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला. "तुमच्यात कांदा कुठला! बेडूकच लय."