दिशा हरवलेले आवाज

देवराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तेवीस वर्षं होता. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

गेल्या फाल्गुनात एका सकाळी दाढी करताना त्याला एकाचे दोन आरसे दिसले आणि तो तिथेच कोसळला. मेंदूच्या देठात बारीकसा रक्तस्राव झाला होता. पंधरा दिवसांनी तो चालत घरी आला, पण आवाजांनी आपापल्या जागा सोडल्या होत्या. बायको, आशा, स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तो छताकडे बघायचा. कोकीळ ओरडला की पलंगाखाली वाकायचा. पंखा चालू असला की बोलणं नळाच्या पाण्यासारखं नुसतं वाहत जायचं, शब्द हाती लागायचा नाही.

"कान शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कानाकडून मेंदूत जाणारी वाट दुखावलीय. थोडं सुधारेल, सगळं नाही."

एक गोष्ट त्याने त्यांनाही सांगितली नव्हती. दुपारी घर शांत झालं की कुठूनतरी बायकांचं गाणं यायचं. खिडकी उघडली तरी तेवढंच, लावली तरी तेवढंच. आपल्याला वेड लागतंय, या धास्तीने तो गप्प राहायचा. पण ऐकता ऐकता भिंती पातळ व्हायच्या आणि तो पेठकडच्या आपल्या गावी, भाताच्या खाचरात, घोटाभर गार पाण्यात उभा असायचा.

शेवटी आशाला सांगितलं. तिने पंखा बंद केला, समोर येऊन बसली.

"काय म्हणतात त्या?"

"शब्द नाहीत गं. नुसता सूर."

"मग गुणगुणून दाखवा."

त्याने लाजत दाखवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "गोड आहे. पण उद्या डॉक्टरांना सांगायचं."

"हे वेड नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "अशा दुखण्यात होतं कधी कधी. जाईल हळूहळू."

पावसाळा सरता सरता बायका लांब गेल्या. मग एकच उरली, मग तीही नाही. देवरामला हायसं वाटलं, तरी दोन दिवस घास गोड लागला नाही.

आता तो वीजकेंद्राच्याच स्टोअरमध्ये काम करतो. आशा आधी खांद्याला हात लावते, मग बोलते, एका वेळी एकच वाक्य. परवा दोघं गोदाघाटावर गेले असताना आरती सुरू झाली. घंटा त्याला पाण्यातून, आभाळातून, स्वतःच्या छातीतून ऐकू आली.

"त्रास होतोय? निघू या का?" आशाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बस जरा."