कवळीशी ओळख

सकाळी तोंड धुवायला गेले, तर वाटीतल्या पाण्यात माझी नवी कवळी माझ्या आधीच हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. दात काढलेली हिरडी अजून हुळहुळी आहे आणि कवळी एका जागी टोचते.

"दे इकडे, पॉलिश पेपरनं घासून देतो," तुमचे आजोबा म्हणाले.

"डॉक्टरांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही," मी बजावलं.

बेसिनमध्ये पाणी भरून घेतलं, म्हणजे कवळी हातातून निसटली तरी फुटायची नाही. मग मऊ ब्रशनं ती हळूच घासली. इतकी वर्षं खरे दात निमूटपणे राबले. त्यांची विचारपूस मी केली ती दुखल्यावरच. गुणी माणसांच्या वाट्याला घरोघरी हेच येतं. या परक्या दातांशी मात्र पहिल्यापासून नीट वागायचं मी ठरवलं आहे.

कवळी बसवून मी रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते. 'श' म्हणताना अजून शिट्टी वाजते. दात काढल्यापासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्हाला गोष्ट सांगताना मी कॅमेरा बंद ठेवते. मला तुम्ही दिसता आणि तिकडे तुम्हाला नुसता काळा चौकोन.

"कॅमेरा चालू करायला अजून थोडं थांब," आजोबा म्हणाले, "पोरं हसतील."

"हसू देत. त्यांचे दुधाचे दात पडले तेव्हा आपण कमी हसलो का?"

या रविवारी कॅमेरा चालू असेल. खुशाल हसा, गोष्ट मात्र मी शेवटपर्यंत सांगणार आहे.