लाल ज्वारीत लिहिलेलं नाव

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लेकीचा फारम भरणं.

रविवार होता. लेक सकाळच्या एसटीनं नांदेडहून लातूरला आली होती. ती तिकडं एका खाजगी दवाखान्यात नर्स. कॅनडात नर्सा कमी पडतात, ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला तिथं कायमचं राहायला घेतात, हे तिच्या तोंडून आम्ही वर्षभर ऐकत होतो. इंग्रजीची परीक्षा दिली, पास झाली. त्या परीक्षेच्या निकालाची मुदत संपत आली होती. त्याच आठवड्यात सगळी कागदं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाकडं गेली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ह्या फारमात आईबापाचाही रकाना असतो हे मला त्या दिवशी कळलं. जायचं तिला अन् चौकशी आमची.

तिनं छापील कागद आणले होते. "आधी पेन्सिलीनं भरू," म्हणली, "चुकलं तर खोडता येतंय. मंग एजंट कॉम्प्युटरवर चढवंल."

ओसरीवर सतरंजी टाकून बसलो. माझी बायको सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत होती. मी भिंतीला टेकून. त्या साली पाण्याचे असे हाल होते की लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा, कधी नुसती आवई यायची. दारात सगळ्या घागरी पालथ्या पडलेल्या.

"माय, तुझी जन्मतारीख सांग."

"आधारवर हाय की."

"आधारवर एक जानेवारी हाय. अप्पाची बी एक जानेवारी. शेजारच्या काकूची बी तीच."

"मंग? त्या दिवशी दुसरं काम नव्हतं कुणाला, समदे जन्मून घेतले."

लेक हसली. मी म्हणलो, "तुझी माय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला जन्मली. तिची आई सांगायची."

"अप्पा, ते कॅनडात कळत न्हाई."

एक जानेवारीच लिहिलं. पुढं आईचा धंदा. लेकीनं न विचारता 'गृहिणी' लिहिलं. मी विचारलं, म्हंजे काय. म्हणली, घर सांभाळणारी. मला राग आला. मी गवंडी. मी बांधलेल्या भिंतीच्या मालाची पाटी न् पाटी हिनं डोक्यावरून आणून दिलेली. घर सांभाळायला घरात होती कधी ही?

"लिहू द्या की तिला," बायको म्हणली. "तिकडचा सायब काय माझं डोकं तपासायला यायलाय? मला तर बरं वाटलं. गृहिणी! ऐकायला किती चांगलं हाय."

मग लेकीनं आपल्या रकान्यात अविवाहित लिहिलं. त्यावरून गल्लीत लई बोलणी खाल्ली होती आम्ही. बायको डाळीतून मान वर न करता म्हणली, "तिकडं एखादा बघ. गोरा असला तरी चालंल. फकस्त भाकर खाणारा बघ."

"माय, गप की."

असं हसत-खेळत चाललं होतं. मग लेकीनं पिशवीतून दोन कागद काढले अन् म्हणली, खरा घोळ हा आहे. एक तिच्या जन्माचा दाखला, नुकताच गावाहून आणलेला. दुसरा तिच्या शाळेचा. दोन्हीवर आईचं नाव वेगळं.

"कागदावर मला दोन आया हायत," लेक म्हणली. "एजंट म्हणतोय, ह्यातली खरी कोणती ते सांगा."

ह्यात कुणी चोरी केली नव्हती. आमच्याकडं लग्नात बाईचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं. आमचं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं. दोन्ही घरची माणसं रोडाच्या कामावर खडी फोडायला. लग्नाच्या दिवशीही अर्धे वऱ्हाडी हजेरी लावून आले. तांदूळ कुठले? रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, तीच ताटात पसरली. मी तिसरी शिकलेला. नाव माझ्या आत्यानं काढलेलं. एक अक्षर वाकडं आलं, तर आत्यानं ज्वारीवरून हात फिरवला अन् म्हणली, पुन्हा लिही, बायको काय वाकडी आणलीस का. पुन्हा लिहिलं. समोर बसलेली पोरगी खाली मान घालून आपलं नवं नाव बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. मग ती ज्वारी जात्यात घातली. नाव तिच्यातच दळलं गेलं, त्याच्या भाकरी झाल्या, त्या आम्ही रात्री खाल्ल्या.

लेकरू लई उशिरा झालं. माहूरपर्यंत पायऱ्या चढून झाल्या, तेव्हा कुठं ही एक. पहिलं बाळंतपण माहेरी, निलंग्याकडच्या खेड्यात. जन्माची नोंद द्यायला मेहुणा गेला. ग्रामसेवकानं विचारलं, बाळाच्या आईचं नाव? मेहुण्यानं बहिणीला जे नाव घेऊन जन्मभर हाक मारली तेच सांगितलं. त्याच्या तोंडात दुसरं कुठून येणार? त्यानंतर थोड्याच दिवसांत लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या, कोर्ट, सायबांची घरं, सगळीकडं बांधकाम. गवंड्याला बोलावून काम मिळायचं. आम्ही लेकरू घेऊन लातूरला आलो ते इथंच राहिलो. शाळेत नाव घालायला मी गेलो अन् मी ज्वारीत लिहिलेलं नाव सांगितलं. हे दोन कागद एका जागी ठेवून बघायचं काम आजवर कुणाला पडलंच नव्हतं.

लेकीनं दाखल्यावरचं माहेरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"ओ," बायको म्हणली.

सुपातून मान वर केली नाही, काही नाही. हाक आली, ओ दिली. मग तिच्याच ध्यानात आलं. पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणली, "भाऊ गेला तवापासून कुणी हाक मारलीच न्हाई की ह्या नावानं."

लेक तिच्याकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "माय, तुला कुठलं आवडतंय?"

"आवडायचं काय त्यात? एक बापानं ठेवलं, एक ह्यांनी. मी दोन्हीला ओ देते. तुझ्या फारमात दोन्ही मावतंय का बघ."

मावत होतं. 'दुसरं नाव असल्यास' असा रकानाच होता. पण नुसतं लिहून भागत नव्हतं. बाँडपेपरवर लिहून द्यावं लागणार होतं की दोन्ही नावांची बाई एकच. ठरलं असं की सोमवारी सकाळी तिघांनी कोर्टापुढं जायचं, तिथं टायपिंगवाले बसतात, आणि बायकोनं अंगठा द्यायचा. पत्त्याच्या रकान्यात माझ्या पत्त्याखाली लेकीनं लिहिलं, आईचा पत्ता तोच.

उठता उठता बायको म्हणली, "माझा घोर करू नको गं तिकडं. ह्यांचा कर. ह्यांना चहा सुदिक येत न्हाई."

"मला न्हाई येत तर गावात हाटेलं बंद झालीत का?" मी म्हणलो.

झालं ते एवढंच. ह्याच्यापुढं आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

सोमवारी दिवस उगवायच्या आधी टँकर येतोय असा गल्लीत ओरडा झाला. बायकोनं उठून घागरी नेऊन लाईनीत लावल्या. परत आली अन् म्हणली, जरा पाठ टेकते, नंबर आला की हाक मारा. शेजारीण हाक मारायला आली तेव्हा लेक आत गेली. नर्स आहे ती. हात धरला, डोळा उघडून बघितला, आणि माझ्याकडं वळली. बायको झोपेतच गेली होती.

तिच्या घागरी शेजाऱ्यांनी भरून दारात आणून ठेवल्या. टँकरच्या पाण्यावरून ज्यांच्याशी भांडण व्हायचं, त्यांनीच. त्या पाण्यानं तिला आंघोळ घातली. भरपूर घातली. कुणी म्हणलं नाही, जरा बेतानं.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग हातात. जमीन अशी वाळली होती की पहार मारली की ठणका हातात यायचा. खड्डा खणायला माणसं बदलून बदलून लावावी लागली. गवंडी माणूस, जन्मभर पाये खणले मी, पण त्या दिवशी मला कुणी पहार हातात घेऊ दिली नाही. विधी करणाऱ्या स्वामींनी नाव विचारलं तेव्हा माझ्याआधी कुणीतरी सासरचं नाव सांगून टाकलं. तसंही मी तिला नावानं कधी हाक मारलेलीच नव्हती. अगं म्हणलं की ती यायची.

संध्याकाळी माणसं गेल्यावर लेक फारमाची पिशवी घेऊन आली अन् ती धान्याच्या कोठीच्या मागं टाकली.

"न्हाई जात मी," म्हणली.

"का?"

"का काय इचारता अप्पा? तुमाला भाकर कोण घालंल?"

"तू नांदेडहून घालीत होतीस का मला भाकर?"

"नांदेड येगळं. एसटीत बसलं की चार घंट्यात इथं."

"आन् आज सकाळी तर तू घरातच होतीस," मी म्हणलो. "काय करता आलं तुला?"

असं बोलायला नको होतं. माझं तोंड असंच आहे, बायको असती तर मधी पडली असती. लेक रडली. मी तिला रडू दिलं. समजूत घालायला मला येत नाही, ते काम घरात दुसऱ्या माणसाचं होतं. थोड्या वेळानं ती नाक पुसून म्हणली, "तसं बी आता व्हत न्हाई ते. मायचा अंगठाच न्हाई तर बाँड कशाचा?"

ते माझ्या डोक्यात राहिलं. पोरीला जायचं होतं हे तिच्या आईला ठाऊक होतं. आईनं जा म्हणलं होतं. आणि आता तिचं जाणं अडलं होतं ते आईच्या माहेरच्या नावापायी. ह्याचं तिच्या आईला काय वाटलं असतं ते मला कळत होतं.

मंगळवारी सकाळी मी लवकर उठलो. चांगला सदरा घातला. कोठीच्या मागची पिशवी घेतली. शेजारीण दारात झाडत होती, म्हणली, "अवो, काल माती दिली अन् आज कुठं निघाला? लोक काय म्हंतील?"

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत," मी म्हणलो. ते खरंच आहे. पण तिनं जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं.

कोर्टापुढं एक टायपिंगवाला नुकतीच मशीन पुसत होता. मी दोन्ही कागद पुढं ठेवले. म्हणलो, दोन्ही नावांची बाई एकच हाय असं लिहून पायजे.

"त्या बाईंना बोलवा. अंगठा लागतो."

"मी तिचा नवरा. मी लिहून देतो."

"का, त्या येत न्हाईत का?"

"काल गेली."

"कुठं?"

मी त्याच्याकडं बघितलं. मग त्याला कळलं. तो वकिलाला जाऊन विचारून आला, म्हणला, चालतंय, नवऱ्याचं चालतंय. बाँड मशीनीत घातला. "नावं सांगा काका. कागदावर बघून न्हाई, तुमच्या तोंडानं सांगा, चूक नको."

मी आधी ज्वारीत लिहिलेलं सांगितलं. मग बापानं ठेवलेलं. पहिलं मी लेकीच्या शाळेत एकदा सांगितलं होतं, दुसरं जन्मात कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. दुसरं नाव घेतल्यावर मी उगीच थांबलो. रस्त्यावरून जीप गेली. टायपिंगवाला म्हणला, "पुढं?"

पुढं मी त्याला जिल्हा सांगितला, गाव सांगितलं, तिचं वय सांगितलं. ती नावं मी इथं लिहीत नाही. जिथं लिहायची तिथं लिहिली आहेत. वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असं त्यानं वाचून दाखवलं. मी सही केली. माझी सही लई वेळ घेते.

घरी आलो तर लेक चुलीपुढं नुसती बसली होती. बाँड तिच्या मांडीवर ठेवला. तिनं वाचला. मी पिशवीतून पेन्सिलीनं भरलेला फारम काढला, आईच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"आता हे बदलावं लागंल," मी म्हणलो.

तिनं खोडरबर हातात घेतलं. पत्त्यावर टेकवलं अन् तसंच धरून राहिली. मला दिसलं की हे तिच्यानं होणार नाही. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, कागद एका हातानं ताणून धरला आणि 'आईचा पत्ता तोच' हळूहळू खोडलं. कागद फाटू दिला नाही. रबराचा भुगा फुंकला अन् फारम तिच्याकडं सरकवला.

"लिही," मी म्हणलो, आणि चहाला पाणी ठेवायला उठलो.