आत्याचं पहिलं ‘हो’

मंडळी, निघालो होतो रोह्याला, पण वाटेत जिते गावात आत्याकडे उतरलो आणि दुपार तिथेच गेली.

आत्या पुढच्या आठवड्यात फ्रान्सला चाललीय. सून तिकडचीच. विहिणीच्या घरी पहिलं जेवण, आपल्यामुळे पोराला खाली बघायला लागेल ही धास्ती. मी तिकडे थोडं भटकून आलोय, म्हणून मला विचारत होती.

म्हटलं, "दारात आधी बोंजूर म्हण. सगळ्यांना वाढून होईपर्यंत जेवायला लागू नको. आणि तिकडे आग्रह करत नाहीत."

"म्हणजे?"

मी विहीण झालो. घावनांचं ताट पुढे केलं. आत्या लाजून म्हणाली, "नको, नको."

मी ताट मागे घेतलं आणि स्वतःच खायला लागलो.

"अरे, परत विचार ना."

"नाय. तू नको म्हणालीस, विषय संपला."

"मेल्या, मग मी उपाशी राहू?"

"पहिल्यांदाच हो म्हणायचं."

"पावणी होऊन? हावरट म्हणतील."

कितीदा तरी केलं, दर वेळी तोंडातून ‘नको’च. शेवटी जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "हो. वाढा."

मी वाढलं. ती खाता खाता थांबली.

"पेणला पोराच्या लग्नात विहीणबाई नको नको म्हणत होत्या. मी पुरणपोळी वाढतच होते. त्यांना खरंच नको होती काय रे?"

तुम्ही सांगा, समोरच्याचं पहिलं ‘नको’ तुम्ही ऐकता का?