मुकादमबाईंनी न केलेली सही

माझी आत्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मुकादम. लसणाची पाकळीही तोलल्याशिवाय आत येत नाही आणि सालं तोलल्याशिवाय बाहेर जात नाहीत, म्हणून मागे सगळे तिला ‘वजनकाटा’ म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी, कारण मी भाचा आणि नोकरीही तिथंच, औषधांच्या खिडकीवर.

चार महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या साहेबांनी फर्मान काढलं: भाजी सेंद्रियच. गावाबाहेरच्या मळेवाल्याची भाजी बंद झाली. आठशे किलोमीटरवरून थंडगार गाडी येऊ लागली, पालकाची जुडी न् जुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वीस किलोंतला सहा किलो सडलेला निघायचा.

मग पर्यावरणस्नेही स्वयंपाकघराचा दाखला द्यायला तपासनीस बाई आल्या. फॉर्मवर शेवटची सही मुकादमाची. सही नाही तर कोठीच्या किल्ल्या नाहीत आणि मुकादमकीही नाही, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आता ते आत्याच्या अगदी मागे उभे होते. मी दारात, हातातला चहा गार झालेला.

आत्याने पेन उघडलं, बंद केलं.

“या भाजीनं निसर्गावरचा भार कमी झाला, असं लिहिलंय. ते मला माहीत नाही, बाई.”

साहेब कसनुसं हसले. “अहो मावशी, विष न मारलेली भाजी आहे. आणखी काय हवं?”

“मग तेवढंच लिहा. लगेच करते सही.”

बाईंनी विचारलं, जुना मळेवालाच बरा होता का? मी मनात म्हटलं, हो म्हण आणि सूट. पण आत्या कसली ऐकते! तो बेसुमार फवारायचा, ओढ्यातले मासे मेले होते, हेही तिने सांगून टाकलं. मग कोपऱ्यातलं पोतं ओढून काट्यावर ठेवलं. आठवड्याचं प्लास्टिक, नऊ किलो.

बाईंनी आकडा वाचला. फॉर्म तसाच पिशवीत गेला. साहेबांनी हात पुढे केला, आत्याने त्यावर किल्ल्या ठेवल्या.

आता ती भांड्यांवर असते आणि सुट्टीच्या दिवशी त्या जुन्या मळ्यावर. चार वाफे न फवारता लावून बघ, असं तिने मळेवाल्याला सांगितलंय. कीड पडलेला माल घेणार कोण, असं त्याने विचारलं.

“मी घेईन,” आत्या म्हणाली.

किल्ल्या साहेबांच्या खिशात आहेत, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. वाफ्यांतला पालक वीतभर वर आलाय.