बेकरीच्या भट्टीतले टोमॅटो

भिकाजी शिवलकर बोटीवरची नोकरी संपवून राजापूरजवळच्या नाटे गावी कायमचा परत आला, तेव्हा पहिले दोन महिने सगळं सुरळीत चाललं. दर खेपेला तो दोन-अडीच महिन्यांच्या रजेवर यायचा आणि तेवढे दिवस त्याची बायको दमयंती त्याला पाहुण्यासारखी वागवायची. अंघोळीचं पाणी काढून तयार, भाकरी तव्यावरून थेट ताटात, सुरमईचा मधला तुकडा आधी त्याला. तिसरा महिना उजाडला आणि पाहुणा काही परत जाईना, तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

हे १९८३ सालातलं. भिकाजीने पंचावन्नी ओलांडली होती. मिसरूड फुटायच्या वयात तो मालवाहू बोटीवर भांडी घासायला लागला होता आणि उतरला तो मुख्य कुक होऊन. सारंग, खलाशी, इंजिनीअर, कप्तान, सगळ्यांनी त्याच्या हातचं खाल्लं. शेवटची काही वर्षं बोट भूमध्य समुद्रातल्या बंदरांना लागायची. तिथल्या लोकांनीही त्याच्या ताटाला नावं ठेवली नाहीत. एवढ्या जगाला जेवू घातलेल्या या माणसाच्या हातचा एक घाससुद्धा त्याच्या बायकोने कधी खाल्ला नव्हता.

लग्न झालं तेव्हा त्याची आई होती. पुरुष माणूस चुलीपुढे बसला असता तर म्हातारीने अन्नपाणी सोडलं असतं. आई गेली, पोरं मोठी झाली, मुलगा सदू मुंबईला गोदीत लागला, मुलगी मंडणगडला सासरी गेली, तरी चूल दमयंतीचीच राहिली. भिकाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन म्हणायचा, "आज आमटी मी टाकतो गो." त्यावर ती वळूनही न बघता म्हणायची, "तुम्ही बसा."

तो बसायचा. पण बसून बसून त्याच्या मनाने एकच धरलं होतं, की दमयंतीने एकदा तरी आपल्या हातचं पोटभर जेवावं. ती का जेवत नाही याचं कारणही त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बोटीवर कुकाला गाय म्हणून चालत नाही, डुक्कर म्हणून चालत नाही; जे येईल ते कापावं लागतं. त्या हातांचं तिला नको असणार. ती तसं कधी बोलली नव्हती आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघर मिळेना म्हणून त्याने मळा धरला. भात कापून झाल्यावर विहिरीजवळच्या दोन कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, त्याने वाफे केले आणि टोमॅटो लावले. रोपं लावतानाही हात बोटीवरचाच. पन्नास माणसांच्या हिशेबाने लावले. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी घातलं, आधाराला करवंदीच्या काठ्या रोवल्या. फेब्रुवारी सरता सरता सगळी झाडं एकदम पिकली. पडवीत टोपल्या, माजघरात टोपल्या, देव्हाऱ्याशेजारी सूप भरून.

दमयंतीने टोमॅटोचं सार केलं, कोशिंबीर केली, वाडीत वाटले. मग वाडीतली माणसं तिला लांबून बघून वाट बदलायला लागली.

"गाय पण आता तोंड फिरवते," ती म्हणाली. "ह्या टंबाट्यांचं करायचं काय, सांगा तुम्हीच."

भिकाजी याच प्रश्नाची वाट बघत होता. एका हिवाळ्यात त्यांची बोट दुरुस्तीला म्हणून इटलीतल्या एका बंदरात बरेच दिवस अडकली होती. तिथल्या गोदीच्या रखवालदाराची बायको टोमॅटो अर्धे चिरून, मीठ आणि लसूण घालून, तेल सोडून भट्टीत मंद भाजायची. कडा काळ्या पडल्या की ते कुस्करून पुन्हा आटवायचे, आणि तो दाट तांबडा रस जाड शेवयांवर घालून खायचा. भिकाजीने तो तिच्याकडून शिकून घेतला होता. बोटीवर शिकलेल्यांपैकी एवढं एकच जेवण असं होतं, की ज्यात मांसाचा कणही नव्हता.

"याचा मी एक रस करतो," तो म्हणाला. "तू फक्त खायचंस."

"बघू," दमयंती म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच असायचा, हे इतक्या रजांमध्ये त्याला कळलं होतं.

त्या रसाला ऑलिव्हचं तेल लागतं. ते वाण्याकडे कुठून मिळणार? पण औषधांच्या दुकानात त्याच्या लहान बाटल्या असतात, हे त्याला ठाऊक होतं. सकाळच्या एस.टी.ने तो राजापूरला गेला आणि एका दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या मागितल्या. दुकानदाराने त्या पुड्यात बांधल्या आणि हसून विचारलं, "नातू की नात?"

परतीची गाडी सुटायला आली होती. भिकाजी नुसता हसला, पुडा काखेत मारला आणि धावला. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला शेजारचा भागोजी हे सगळं ऐकत होता. तो मागच्या गाडीने आला.

दुसऱ्या दिवशी दमयंती अंगण सारवत होती, तेव्हा भागोजीची बायको चिमा हातात जुनं मऊ लुगडं घेऊन हजर झाली.

"दुपट्यांना होईल," ती म्हणाली. "आणि काय गो दमयंती, शेजारी राहून आम्हाला पत्ता नाय. सून कधी मोकळी झाली?"

दमयंतीच्या हातातला शेणाचा गोळा हातातच राहिला. सुनेला दिवस गेल्याचंच तिला माहीत नव्हतं, तर बाळंतपण कुठून माहीत असणार? "कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? भावजींनी बाळाला चोळायचं तेल आणलं. तेसुद्धा पुडा भरून. जुळं झालं काय?"

चिमाला कशीबशी वाटेला लावून दमयंती घरात आली आणि तिने बाटल्यांचा पुडा भिकाजीपुढे ठेवला.

"माझी सून बाळंत झाल्याचं मला चिमाकडून कळतं," ती म्हणाली. "हे कोणाला चोळणार होतात?"

"टोमॅटोंना," भिकाजी म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडते आहे की हसते आहे, ते त्याला कळलं नाही. पण दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळपर्यंत आणखी दोघीजणी लुगडी देऊन गेल्या, आणि प्रत्येकीला समजावून सांगताना दमयंतीचा आवाज अधिकाधिक करडा होत गेला. भिकाजीला वाटलं, संपलं आता. आधीच नको होतं, त्यात हे.

तरीही टोमॅटो थांबणार नव्हते. खालच्या थरातल्यांना पाणी सुटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या घेऊन तो बंदराच्या वाटेवरच्या हसनभाई होडेकरच्या बेकरीत गेला. पहाटेचे पाव भाजून झाले की ती विटांची भट्टी दुपारपर्यंत नुसती ऊब धरून असायची. भिकाजीला हवी होती ती तशीच, विस्तव ओढून घेतलेली, पण तापलेली.

हसनभाईने टोपल्यांकडे बघितलं. "उद्या माझ्या पावांना टंबाट्यांचा वास आला तर गिऱ्हाइकं मलाच भट्टीत घालतील."

"वास आला तर दुप्पट पाव खपतील मेल्या."

"आणि नाय खपले तर?"

"तर मी खातो सगळे."

"तू खाशील रे, त्या बाळाच्या तेलानंतर तुला घरी कोण विचारतंय," हसनभाई म्हणाला आणि पावांचे पत्रे पुढे सरकवले. नातवाची गोष्ट बंदरापर्यंत पोहोचली होती तर.

भिकाजीने टोमॅटो अर्धे चिरून पत्र्यांवर उताणे मांडले. मीठ भुरभुरलं. लसणीच्या कुड्या सालासकट मध्ये मध्ये ठेवल्या, वरून बाळाचं तेल सोडलं, आणि पत्रे लांब दांड्याच्या फळीने भट्टीत ढकलले. मग तो पायरीवर बसून राहिला. मध्येच उठून एखादा पत्रा फिरवायचा, वास घ्यायचा, पुन्हा ढकलायचा. आधी नुसता ओला, आंबूस वास आला. मग लसूण बोलू लागली. मग कशाचा तरी गोड, करपता करपता राहिलेला वास दारातून वाटेवर गेला, आणि जाळी घेऊन चाललेले दोघे खारवी थांबून विचारू लागले की आज काय खास. हसनभाईने स्वतः एक फोड तोंडात टाकली, जीभ भाजली, आणि मग परसातून सब्जाची एक जुडी तोडून आणून भिकाजीच्या टोपलीत ठेवली. तिकडे इटलीतही असलाच पाला घालतात, हे भिकाजीने त्याला मागे कधीतरी सांगितलं होतं.

दुपारी मोठा टोप डोक्यावर घेऊन भिकाजी घरी आला. दमयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हे चुलीवर नको," ती म्हणाली.

त्याने टोप खाली उतरवला. अंगणात तीन दगड मांडले, जाळ केला, आणि पुरणाची चाळण घेऊन टोमॅटो गाळायला बसला. रस टोपात, सालं परातीत.

कुंपणापलीकडून चिमाने हाक दिली. "काय वो भावजी, वहिनीने घराबाहेर काढलं काय?"

"भांडी घासून दाखवली की परत घेणार हाय," भिकाजी म्हणाला. चिमा हसत आत गेली. दमयंती पडवीच्या पायरीवर येऊन बसली होती. तिच्याकडे न बघता, टोप ढवळत ढवळत, त्याने अखेर विचारलं.

"बोटीवर मी नाही नाही ते शिजवलं. त्याचा तुला विटाळ वाटतो का?"

"कसलं?"

"मांस. सगळ्या तऱ्हेचं."

दमयंतीला हे अगदीच अनपेक्षित होतं. "त्याच हातांनी पाठवलेल्या पैशांवर पोरं वाढली," ती म्हणाली. "हात धुतले की झालं. मी कधी काय बोलले?"

"मग माझ्या हातचं का नको?"

ती सारवलेल्या जमिनीवरच्या काड्या वेचत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही यायचात, जायचात. सासूबाई गेल्या, पोरं गेली. मी त्या चुलीशीच बोलायचे. सकाळी उठून पेटवायची, म्हणजे कोणीतरी घरात हाय असं वाटायचं. आता तुम्ही आलात, आणि पहिल्या दिवसापासून तीच मागताय. ती दिली तर मी दिवसभर कुठे बसू?"

भिकाजीचा डाव टोपात तसाच राहिला. रस बुडाला लागायला आला, तेव्हा तो भानावर आला. त्याने जाळ ओढून बारीक केला आणि म्हणाला, "चूल मला नको. मला तुला वाढायचंय फक्त."

दमयंती उठली. टोपात डोकावली. "हे कशाबरोबर खातात तिकडे?"

"जाड शेवयांबरोबर. मी म्हटलं, भातावर घालू."

"भातावर हे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या दोन दिवसांचा करडेपणा नव्हता. "शिरवाळ्या करते मी. पण शेवगा दाबायला तुम्ही. माझा खांदा धरतो."

तिने तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, गोळे करून उकळत्या पाण्यात सोडले. पोटमाळ्यावर पडलेला शेवया पाडायचा लाकडी शेवगा भिकाजीने उतरवून पुसला. गोळा वर आला की ती गरम गरम शेवग्यात घालायची आणि तो सगळा भार देऊन दाबायचा. खाली सुपात पांढऱ्या तारांची चुंबळ पडायची.

"हळू. बोटीचा नांगर नाय तो."

"तुझं पीठच घट्ट."

"पिठाला नावं ठेवायची नाय. तुमची टंबाटी अजून कोणी खाल्ली नाय."

या शिरवाळ्या खायच्या त्या नारळाच्या गोड रसाबरोबर, हे वाडीत पोरासोरांनाही माहीत. दमयंतीने तोही काढून ठेवला होता. तांबडं फसलं तर उपाशी राहायला नको, असं ती म्हणाली.

ताट घ्यायची वेळ आली तेव्हा तिने सवयीने त्याचा पाट मांडला. भिकाजी पाटावर बसला नाही.

"बोटीवर कुक शेवटी जेवतो," तो म्हणाला.

"घरातही शेवटीच जेवतो," दमयंती म्हणाली.

"मग आज कुक मी. तू बस."

ती उभीच राहिली. मग बाहेर जाऊन तिने पुढचं दार लोटून घेतलं, चिमाच्या अंगणातून दिसू नये इतपत, आणि येऊन पाटावर बसली. नवी नवरी बसते तशी अंग चोरून बसली. भिकाजीने तिच्यापुढे ताट ठेवलं, शिरवाळ्या वाढल्या, वर रस घातला, सब्जाची दोन पानं चुरून टाकली.

बोटीवर तो ताटं बघून माणूस ओळखायचा. कप्तानाला तिखट चालत नाही, सारंगाला कांदा कच्चा हवा, अमक्याचं पोट दुखतं. समोरच्या ताटाकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या बायकोला काय आवडतं हे आपल्याला माहीत नाही. ती नेहमी सगळ्यांच्या मागून, उरलेलं जेवली होती. आणि उरलेल्यात कुणाची आवड दिसत नाही.

दमयंतीने पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. गोड रसाची वाटी तिने हात लावल्याशिवाय बाजूला सारली. ताट निम्मं झालं तेव्हा ती थांबली आणि त्याने विचारलं, "आंबट झालंय?"

"नाय."

"मीठ?"

"मीठ बरोबर हाय." ती अंगणाकडे बघत होती. "ती सालं कुठे टाकलीत?"

"परातीत आहेत. गाईला घालणार होतो. साहेब लोकांना गाळलेलंच लागतं."

"आणा इकडे."

त्याने परात आणली. भट्टीत करपून काळी-तांबडी झालेली, लसणीच्या तेलात माखलेली सालं. दमयंतीने चिमूटभर उचलून तोंडात टाकली. डोळे मिटले. मग मूठभर घेतली आणि शिरवाळ्यांवर पसरली.

"सगळी चव ह्यात," ती म्हणाली, "आणि तुम्ही गाईला घालताय. पुढच्या वेळी गाळू नका."

भिकाजीने मान डोलावली. तिचं ताट रिकामं होत आलं होतं. तो डाव घेऊन तिच्याजवळ सरकला आणि तिने, नको न म्हणता, ताट पुढे केलं.