निवडीचे कांदे

मी कांद्यावर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग भाव विचारतो. नाशकात इतकी वर्षं काढून याची सवय व्हायला हवी होती, पण मला ती झाली नाही. भाव मला सांगता येत नाही. कांद्याची मान चिमटीत धरून तो साठवणीच्या चाळीत किती तग धरेल याचा अंदाज मात्र मी बांधू शकते, आणि ते मला कुणीच विचारत नाही.

दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध, आमच्या बियाणे कंपनीचं शेत आहे. तिथे मी एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. उन्हाळी कांदा निघतो, चाळीत भरला जातो, आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की त्याला कोंब येतात नाहीतर तो सडायला लागतो. मला त्या हवेला पुरून उरणारा वाण हवा होता. रीत साधीच आहे, पण माणसाचा जीव काढते. कांदे साठवायचे, सडतील ते फेकायचे, आणि दिवाळीच्या सुमारास जे टणक उरतील तेवढेच पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात, ते जाळीखाली झाकून आत मधमाश्या सोडायच्या आणि बी धरायचं. त्या बियाचा कांदा करायचा आणि त्यालाही पुन्हा त्याच परीक्षेला बसवायचं. एका पिढीला दोन वर्षं लागतात. बी ठेवून द्यावं म्हटलं तर कांद्याचं बी फार लवकर मरतं. म्हणजे वाण जिवंत असतो तो चाळीतल्या त्या कांद्यांमध्येच.

मी त्यांना मुद्दाम वाईट वागवत असे. पंखा नाही, पत्र्याची शेड, पाऊस तिरपा आला की ओल थेट क्रेटपर्यंत. दर पंधरवड्याला एकेक कांदा हातात घेऊन दाबून बघायचा, वास घ्यायचा. घरी गेल्यावर हाताचा वास जात नसे आणि नवरा म्हणायचा, लिंबू चोळ. पिढ्यानपिढ्या अशी गाळणी लावत आणल्यावर त्या वर्षी मोजके क्रेट उरले होते. बारीक मानेचे, तांबूस, ठणठणीत कांदे. त्यांचं बी धरलं की पुढे शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या, आणि तेवढ्यात माझी निवृत्ती. एवढं एक काम पुरं करून घरी जायचं होतं. आयुष्याकडून माझी दुसरी मागणी नव्हती, आणि ही काही फार मोठी होती असं मला आजही वाटत नाही.

लागवडीसाठी वाफे तयार होते. सोमवारी लावायचं ठरवून मी शनिवारी सटाण्याकडे गेले, चाचण्यांसाठी शेतं बघायला. तिकडच्या एका शेतकऱ्यानं ‘कांदा टिकनारा शे ना?’ एवढं एकच विचारलं आणि आपलं चांगलं रान द्यायला तयार झाला. मी खूश होऊन परतले.

सोमवारी सकाळी शेडमध्ये गेले तर माझे क्रेट रिकामे. धुऊन, एकावर एक रचून ठेवलेले.

फार्म मॅनेजर मागोमाग आलाच. माणूस कामाचा, दहा जणांचं काम एकटा रेटणारा. त्याच्या हातात एक लिफाफा होता. तो माझ्यापुढे धरून म्हणाला, “मॅडम, चिठ्ठ्या समद्या जपून ठेवल्यात. एक बी हरवली नाय.”

क्रेटवर ज्या चिठ्ठ्या बांधतो, ज्यांच्यावर कुठली ओळ, कुठली पिढी हे लिहिलेलं असतं, त्या त्यानं एकेक सोडवून लिफाफ्यात भरल्या होत्या. कांदे गेले होते.

झालं होतं असं. मालकांचे पाहुणे वाइनरी बघायला आले होते, मुंबई-पुण्याचे. वाइन चाखून झाल्यावर मालक त्यांना आपलं शेत दाखवायला घेऊन आले. कांदा तेव्हा महाग होता. कुणीतरी गमतीनं म्हणालं, आता नाशिकचा कांदा मिळाल्याशिवाय जाणार नाही. मालकांनी मॅनेजरला हुकूम सोडला, सगळ्यांना पिशव्या भरून दे.

“आन तू हे दिलेस?” रागात माझ्याही तोंडून माहेरची बोली आली.

“दुसरे व्हतेच कुठं? बाकीच्यांना कोंब आलेले. पाव्हण्यांना सडके द्यायचे का?” तो खरोखर गोंधळला होता. “तुमीच तर निवडून ठेवलेले ना मॅडम. चांगले म्हनूनच निवडले ना?”

पाहुण्याला चांगलं ते द्यायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्यावर ओरडून काही होणार नव्हतं, तरी मी ओरडले. तो खाली मान घालून उभा राहिला, आणि लिफाफा तेवढा माझ्या हातात देऊन गेला.

मी तडक मालकांकडे गेले. पाहुणे घरी पोचून जेमतेम एक रात्र झाली होती. मी म्हटलं, सर, मला पत्ते द्या. मी स्वतः जाते. बाजारातला उत्तम कांदा घेऊन जाते, एकाच्या बदल्यात दोन देते, निम्मे हाती लागले तरी वाण वाचेल.

मालक म्हणाले, “मॅडम, दिलेली भेट परत मागायची? तीही कांद्याची?”

“तो कांदा नाही सर, बियाणं आहे.”

“मग पुन्हा तयार करा की. तुमच्याकडे जुनं बी असेलच ना थोडंफार.”

होतं, पण ते ज्या साध्या वाणापासून सुरुवात केली त्याचं, ज्यात यातलं काहीच साधलेलं नव्हतं. तिथून पुन्हा सुरुवात करायची तर माझ्या नोकरीत तेवढ्या पिढ्या शिल्लक नव्हत्या. मी हे सगळं समजावून सांगितलं. निदान एक फोन करा म्हणून गयावया केली. त्यांच्या कंपनीचाच वाण होता तो, माझ्या घरचा नव्हता, तरी हात मीच जोडत होते. ते म्हणाले, “कसं दिसेल ते?” त्यांच्या दृष्टीनं विषय तिथे मिटला. चहा मागवला त्यांनी माझ्यासाठी. मी तो प्यायले, याचा राग मला अजून येतो.

वाफे मॅनेजरनं दुसऱ्याच कांद्यानं भरून टाकले. सटाण्याच्या त्या शेतकऱ्याला मी फोन केला नाही. त्याचाच आला, तेव्हा यंदा जमणार नाही म्हटलं. रोज कामावर जात होते, आणि मनातल्या मनात लोकांच्या स्वयंपाकघरांत हिंडत होते. आज कुणाच्या पोह्यांत गेले असतील, कुणाच्या कोशिंबिरीत. मला धड झोप लागत नव्हती, आणि कारण सांगायची सोय नव्हती. कांदे गेले म्हणून कोणी रडतं का?

संक्रांतीच्या दिवशी कंपनीत बैठक होती. मध्येच मालकांचा फोन वाजला. पुण्याच्या एक बाई, त्याच पाहुण्यांपैकी. मालक खुलले आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“अहो, तुमच्या कांद्याचं सांगायला फोन केला,” बाई म्हणाल्या. “बाजारातले आणले ते दोनदा सडले, पण तुमचे जसेच्या तसे. मी तर टोपलीत तळाशी विसरूनच गेले होते. काल भोगीला भाकरीबरोबर शेवटचे दोन काढले, ह्यांनी बुक्कीनं फोडले. एक पदर मऊ नव्हता हो! असे कुठे मिळतील?”

जी परीक्षा मी दिवाळीला थांबवणार होते, ती त्या बाईंच्या टोपलीत संक्रांतीपर्यंत चालली होती, आणि माझा कांदा ती पास झाला होता.

मालक कौतुकानं माझ्याकडे वळले. “आमच्या मॅडमच बसल्यात समोर. सांगा मॅडम, कुठे मिळतील?”

“तुमच्याकडेच होते,” मी म्हणाले. “दुसरीकडे कुठेच नाहीत.”

पलीकडून मोकळं हसू ऐकू आलं. बाईंना वाटलं, मी विनोद केला.